सातवा प्रश्न

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

नारायणगावच्या डायलिसिस सेंटरमधल्या टेक्निशियननं आज ही वही दिली. रोज सकाळचं वजन, दिवसभरात प्यालेलं पाणी आणि पायाची सूज, एवढं लिहायचं. "रोज भरायची हां मावशी, चुकवायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "अरे बाळा, बावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरलीत मी. गावातलं एक पोर माझ्या वजनकाट्यावरून सुटलेलं नाही. मला शिकवतोस होय?" तो बिचारा हसला. मीही हसले. घरी येऊन स्वतः काट्यावर उभी राहिले तेव्हा मात्र हसू आलं नाही.

वजन ५४.३. पाणी पाऊण लिटर. दोन्ही पायांना सूज.

वही दोनशे पानी आहे आणि या एका ओळीनं ती काही भरायची नाही. कोरी पानं सोडायची मला सवय नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

डॉक्टर आज स्पष्टच बोलले. डायलिसिससाठी माझ्या डाव्या हातातल्या शिरा जोडून सुईची जागा केली आहे, ती दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पडली तर मानेत नळी घालावी लागेल. "तुमच्या शिरा फार बारीक आहेत, शीलाताई. घरातलं कोणी किडनी देणार असेल तर आता वेळ घालवू नका."

जेवताना विषय निघाला. आमचे हे, म्हणजे संपतराव, दहा वर्षांपासून शुगरचे पेशंट. त्यांचं नाव पहिल्या फटक्यात कटलं. प्राची ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मी देते." तिला मी तिथंच गप्प केलं. आणे गावच्या पाहुण्यांकडून सोयरीक येऊ घातलीय. पोटावर वीतभर टाके घेऊन पोरगी उभी राहिली तर कोण पुढं येईल? "तू यात पडू नगंस," म्हटलं. मग सगळे ऋषीकडं बघायला लागले. त्यानं तांब्यातून पाणी ओतून घेतलं, पिऊन टाकलं, पुन्हा ओतलं, पुन्हा पिऊन टाकलं आणि म्हणाला, "मी हाये की. मी देतो."

माझा लेक! टोमॅटोचे क्रेट उचलून उचलून काय दंड झालेत त्याचे. मला रडू आवरेना.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

वजन ५५. पाणी ८०० मिली. आज एक बर्फाचा खडा जास्त चघळला, तोही यात धरला आहे.

डायलिसिसला शेजारच्या पलंगावर जुन्नरच्या हसीनाभाभी असतात. त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांचे यजमान बदरुद्दीनभाई त्यांना सोडायला येतात आणि चार तास बाहेर बाकड्यावर बसून राहतात. आज भाभींना मी ऋषीचं सांगितलं. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "माझा दीरबी हो म्हणला व्हता. मग त्याची पाठ दुखायला लागली. दोन वर्षं झाली शीलाताई, अजून दुखतेय." आम्ही दोघी एवढ्या हसलो की मशिन वाजायला लागलं आणि टेक्निशियन धावत आला.

पण माझ्या ऋषीची तशी गोष्ट नाही. उलट त्याचं मला जास्त कौतुक, कारण सुईला हा पोरगा जन्माचा भितो. साडेपाच वर्षांचा असताना त्रिगुणीच्या डोसाला नर्सबाई आल्या आणि हा उसात जाऊन लपला. संध्याकाळपर्यंत सापडला नाही. सेविका मी, अंगणवाडी माझी, आणि माझंच पोर बिनडोसाचं राहिलं. केवढी लाज वाटली होती! तोच आज किडनी द्यायला तयार झालाय. भाभींना हे सांगितलं तर त्या फक्त "हं" म्हणाल्या.

बुधवार, २० नोव्हेंबर

पुण्याच्या हॉस्पिटलची तारीख मिळाली. सोमवार, दोन डिसेंबर. ऋषीला घेऊन जायचं.

त्याचं जेवण कमी झालंय. भाकरी कुस्करतो आणि तशीच ठेवतो. काळजी करतो माझी.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज काय लिहू आणि काय नको असं झालंय.

ऋषीनं हातावर टॅटू काढला. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. आधी ती हृदयाच्या मशिनीतली वरखाली रेघ, आणि रेघ पुढं जाऊन तिचंच अक्षर झालंय, "आई". हाताला प्लास्टिक गुंडाळलेलं. दोन तास सुई चालली म्हणे. माझा सुईला भिणारा पोरगा माझ्या नावासाठी दोन तास सुईखाली बसला! मी त्याचा हात कपाळाला लावला. तो म्हणाला, "आगं हळू, दुखतंय." आणि तोंड फिरवून बाहेर गेला. त्याच्याही डोळ्यांत पाणी असणार.

पुरुषानं बाईचं नाव गोंदवून घेणं आमच्या घराण्यात नवीन आहे. माझ्या डाव्या हातावर तुळस आणि त्याखाली "संपत" आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत यांनी हौसेनं गोंदवून घेतलं. यांच्या हातावर माझं नाव घालायची वेळ आली तेव्हा सुईवाली उठून गेली, असं यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं हेच सांगतात. मी म्हटलं, "बघा, शिका पोराकडून काहीतरी."

प्राचीचं वागणं मात्र मनाला लागलं. कॉलेजात असल्यापासून तिला मनगटावर चिमणी काढायची होती आणि मी दरवेळी मोडता घातला. आता म्हटलं, काढ बाई, आजारपणात कशाला कुणाचं मन मोडू. सकाळी नटून भावाबरोबर पिकअपमध्ये बसून मंचरला गेली. आली ती कोरा हात घेऊन. विचारलं तर म्हणाली, "राहू दे. नाय काढावा वाटला." भावानं आईचं नाव घालून घेतलं आणि हिला साधी चिमणीसुद्धा नकोशी झाली. मुलींचं मन कधी कुठं फिरेल सांगता येत नाही.

पाणी लिहायचं राहिलं. साधारण ८५०.

बुधवार, २७ नोव्हेंबर

बहीणभाऊ तीन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. ताट वाढतानासुद्धा ती त्याच्यापुढं आदळते. वाटेत काहीतरी बिनसलं असणार. लहानपणी बिस्किटाच्या पुड्यावरून असंच व्हायचं. दोघांना दटावलं.

ऋषीचा हात मी येईल त्याला दाखवते. दूधवाल्याला दाखवला, सरपंचांच्या मंडळींना दाखवला. अंगणवाडीत माझ्या जागी आलेली हर्षाली घरी आली तर तिनं फोटोच काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला.

सोमवार, २ डिसेंबर

पुण्याहून आलो. वजन केलेलं नाही.

कोऑर्डिनेटर मॅडम म्हणजे किडनी देणाऱ्याची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई. चांगल्या आहेत, पण बोलणं कामापुरतं. ऋषीला एक एक विचारून लिहीत होत्या. दारू? तंबाखू? कावीळ झाली होती? ऑपरेशन? मग म्हणाल्या, "गेल्या सहा महिन्यांत टॅ..." त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ऋषीनं बाही वर केली. खोटं बोलायची सवयच नाही पोराला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. विचारलं, कधी काढला? मी कौतुकानं सांगितलं, "आठच दिवस झाले. माझ्यासाठीच काढला हो!" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग सावकाश सांगितलं की सुईतून रक्तात एखादा आजार गेला असेल तर तो सुरुवातीला तपासणीत दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडं सहा महिन्यांच्या आतला टॅटू असलेला डोनर घेत नाहीत. चोवीस मेनंतर या.

सहा महिने.

ऋषी खाली मान घालून म्हणाला, "मला म्हाईत नव्हतं मॅडम." मला त्याचाच कळवळा आला. प्रेमानं करायला गेला आणि हे असं आडवं आलं. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे रं, सहा महिने काय, हां हां म्हणता जात्याल."

जाताना तो गाडीत एक शब्द बोलला नव्हता. येताना माझं मन रमावं म्हणून गाणी लावली. खेडच्या अलीकडं थांबून दोन प्लेट मिसळ खाल्ली. किती दिवसांनी पोटभर जेवला पोरगा.

घरी प्राचीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

वजन ५६.१. पाणी ७००. सूज गुडघ्यापर्यंत.

हसीनाभाभींचा पलंग रिकामा होता. चादर नवी घातलेली. विचारायचं धाडस होईना. दोन तास त्या चादरीकडं बघत होते. शेवटी टेक्निशियन आपण होऊन म्हणाला, "छातीत पाणी झालं त्यांच्या. पुण्याला हलवलंय. आहेत, आहेत."

आण्याचे पाहुणे रविवारी येऊन गेले. मुलगी पसंत. मुलगा शाळेत शिक्षक आहे, कमी बोलतो. त्याची आई मला म्हणाली, "तुमचं बरं झालं की मग तारीख धरू." ती बाई जिना उतरताना माझ्या पायांकडं बघत होती.

मंगळवार, २१ जानेवारी

भाभी परत आल्या. अर्ध्या झाल्यात. मी म्हटलं, "घाबरवलंत की." तर म्हणाल्या, "मीबी घाबरले व्हते." थोड्या वेळानं माझ्याकडं वळून विचारलं, "मे महिन्यात नक्की देनार ना लेक?" मला राग आला. मी म्हटलं, "हातावर नाव गोंदलंय त्यानं माझं!" त्या म्हणाल्या, "गोंदलंय, ते खरं."

नंतर तासभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

हातातली जागा तिसऱ्यांदा बंद पडली. बुधवारी मानेत नळी घातली. मान वळवता येत नाही, ही अक्षरंही वाकडी येतायत. डॉक्टर म्हणाले, या नळीला जंतू धरला तर अवघड होईल. किती अवघड ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मला मरायची भीती वाटते. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, वहीत लिहून ठेवते.

प्राची मंचरला मेडिकलमध्ये कामाला जाते, येताना ड्रेसिंगचं सामान आणते आणि हातमोजे घालून पट्टी बदलते. हात हलका आहे तिचा. ऋषी खोलीत येत नाही, दारातूनच विचारतो, "बरं हाये का?" माझे हाल बघवत नाहीत त्याला.

रविवार, २० एप्रिल

गावची जत्रा काल संपली. सगळे घाटात बैलगाड्यांच्या शर्यती बघायला गेले होते, आज सगळे झोपलेत. आण्याच्या पाहुण्यांना प्राचीच्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती म्हणून मी तिची प्लास्टिकची फाईल उघडली.

मार्कशीटच्या मागं एक छापील कागद होता. वर लिहिलंय, "टॅटू काढण्याआधी वाचा आणि भरा". खाली दुकानवालीचं नाव संस्कृती आणि फोन नंबर. तारीख २४ नोव्हेंबर.

नऊ प्रश्न आहेत. वय अठरा पूर्ण आहे का. शुगर आहे का. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. कशाची अ‍ॅलर्जी. जखमेवर गाठ उठते का. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करताय का. वयापुढं प्राचीनं निळ्या पेनानं होय लिहिलंय, बाकी सगळ्यांपुढं नाही, नाही, नाही.

सातवा असा आहे: "येत्या वर्षभरात रक्त किंवा अवयव द्यायचा आहे का? असल्यास टॅटू काढू नका. सहा महिने ते एक वर्ष तुम्हाला देता येणार नाही."

त्यापुढं लिहिलंय, "होय. आईला."

आठवा आणि नववा कोरा आहे. सही नाही.

मी कागद होता तसा ठेवला. मग पुन्हा काढला आणि पुन्हा वाचला. तिला तर मी गप्प केलं होतं. भाऊ देणार हे ठरलं होतं. तरी तिनं "होय" लिहिलं आणि चिमणी न काढता घरी आली.

आणि तेव्हा तिच्या शेजारीच ऋषी बसला असणार.

सोमवार, २१ एप्रिल

नसेल वाचलं त्यानं. तो काहीच वाचत नाही. मोबाईल घेताना, गाडीचं कर्ज काढताना, जिथं बोट ठेवतील तिथं सही ठोकतो.

दिवसभर हेच घोकलं. पाणी किती प्याले ते लक्षात नाही.

चार वाजता त्या नंबरावर फोन लावला. म्हटलं, "मला टॅटू काढायचाय." आवाज पोरसवदाच होता. "या की मावशी. एक फॉर्म भरावा लागतो." मी म्हटलं, "वाचता येत नसंल तर?" ती म्हणाली, "मी स्वतः मोठ्यांदा वाचून दाखवते. ज्यांना येतं त्यांनाही. एकेक प्रश्न विचारते. त्याशिवाय सुई हातात घेत नाही मी. लोक हौसेनं येतात आणि नंतर रडतात हो."

"समद्यांना वाचून दावतेस?"

"सगळ्यांना."

मी म्हटलं, तू चांगली मुलगी आहेस. आणि फोन ठेवला.

मंगळवार, २२ एप्रिल

राग. दुसरं काही नाही. माझं नाव टोचून घेतलं आणि माझ्याच तोंडावर दार लावलं. साधं "मला जमत नाही आई" म्हणाला असता! मी काय त्याला दोरीनं बांधून नेणार होते? आणि मी अख्ख्या गावाला तो हात दाखवत फिरले. नर्सला, पाहुण्यांना, दूधवाल्याला. हर्षालीच्या स्टेटसवर दीडशे लोकांनी बघितला.

मशिनवर भाभींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हात लांब करून माझी बोटं धरली. नळ्यांमुळं हात तेवढाच पोचत होता. म्हणाल्या, "माझ्या दिराची पाठ मी कधी दाबून बघितली न्हाई, शीलाताई. काय करायचंय बघून?"

रविवार, २७ एप्रिल

आज प्राची पट्टी बदलत होती तेव्हा मी विचारलं, "त्या टॅटूवालीच्या हितं काय झालं व्हतं?" तिचा हात थांबला. मी म्हटलं, "फाईलीत कागद बघितला मी."

मग म्हणाली, "त्यानं तिला इचारलं, सहा म्हैने म्हंजे पक्के सहा म्हैने का? ती म्हणली, कमीत कमी. मग म्हणला, करा सुरू."

"तू बोलली का न्हाईस मला?"

"काय बोलू? तू त्याचा हात समद्या गावाला दावत व्हतीस. किती खूश व्हतीस तू." चिकटपट्टी दातानं तोडली तिनं. "मी त्याला बाहेर काढून लई बोलले. तर रस्त्यावरच रडाय लागला. म्हणला, मला झोप येत न्हाई, मला भ्या वाटतं, कुनाला सांगू नगं. परत आत जाऊन बसला."

पट्टी नीट दाबून ती म्हणाली, "आता ऐक. माझा ओ ग्रुप हाये, चालतोय. मी डॉक्टर सरांना इचारलंय. आण्याच्या मुलालाबी मीच फोन करून सांगितलं. त्यानं आठ दिवस मागितल्यात."

"आगं पण तुझं लग्न..."

"टॅटू नगं म्हणायला तू, किडनी नगं म्हणायलाबी तूच. माझ्या अंगाचं काय ते मला ठरवू दे की एकदा!"

एवढ्या महिन्यांत मी ऋषीला पन्नास वेळा विचारलं असेल, भीती वाटते का रे? हिला एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं.

म्हणाली, "लई वाटती." आणि हातमोजे काढून कचऱ्यात टाकले.

रविवार, ११ मे

आठाचे चौदा दिवस झाले, आण्याहून फोन नाही. प्राची रोज कामाला जाते, मी विचारत नाही.

ऋषी वाळलाय. चोवीस तारीख जवळ आली तसा घरात थांबेना. आज दुपारी बघितलं तर अंगणात पिकअपची दारं लावून आत बसलेला. उन्हानं पत्रा तापलेला, काचा वर केलेल्या. मला वाटलं होतं चांगलं झापायचं. काय काय बोलायचं ते पाठसुद्धा केलं होतं.

दार उघडून त्याच्या शेजारी बसले. मानेच्या नळीला धक्का लागू नये म्हणून हळू बसावं लागतं. त्यानं नळीकडं बघितलं आणि लगेच समोर बघायला लागला. त्याचा हात स्टिअरिंगवर होता. टॅटू आता छान बसलाय, शाई मुरलीय.

मी म्हटलं, "ऋषी, तुझ्या वडलांचं नाव राह्यलं की रं."

"आं?"

"उजव्या हातावर घालून घे. त्यास्नी बरं वाटंल. आईचं हाये आन् बापाचं न्हाई, बरं दिसतं का? ह्याच आठवड्यात जा. चोवीसच्या आत."

तो माझ्याकडं बघायला लागला.

"मंचरलाच जा," मी म्हटलं. "ती पोरगी चांगली हाये. समदं मोठ्यांदा वाचून दावती."

त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि हॉर्न वाजला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तो डोकं उचलेना आणि हॉर्न वाजतच राहिला, शेवटी मीच त्याचं डोकं धरून बाजूला घेतलं. "आई, मी..." म्हणत होता. मी म्हटलं, "गप. आधी काचा खाली कर, जीव गुदमारला माझा."

राग गेलाय असं मी लिहिणार नाही. थोडा आहे. राहील.

सोमवार, २६ मे

वजन ५३.८. पाणी ७५०. सूज आहे.

पुण्याला जाऊन आलो. ऋषीनंच पिकअप काढली. उजव्या हाताला प्लास्टिक गुंडाळलेलं, आत "संपत". यांनी सकाळी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "माझं नाव बारीक काढलंय." ऋषी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत आला, आत आला नाही. मी आग्रह केला नाही.

त्याच मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, मुलगा? मी म्हटलं, त्याला जमणार नाही, मुलीला आणलंय. त्यांनी नवा कागद घेतला आणि प्राचीला एक एक विचारायला लागल्या. मी टेबलाखाली तिचा हात धरला होता. तळवा घामानं ओला होता, माझा का तिचा ते कळत नव्हतं.

"गेल्या सहा महिन्यांत टॅटू?"

"नाही."

"त्याच्या आधी कधी?"

"कधीच नाही," प्राची म्हणाली. "एकदा काढायला गेले होते. राहिला."

मॅडमनी लिहून घेतलं. तपासण्या पुष्कळ आहेत, मग कमिटीची परवानगी. जुळेलच असं आत्ता कुणी सांगू शकत नाही म्हणाल्या. रक्त घेताना प्राचीनं डोळे गच्च मिटले, पण हात मागं घेतला नाही. आण्याच्या मुलाचा मेसेज आला होता, तो तिनं मला दाखवला नाही. पर्समध्ये मोबाईल ठेवताना चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

घरी आल्यावर वही पहिल्यापासून वाचली. एक दुरुस्ती करायची आहे. पंधरा नोव्हेंबरला मी उसाचं लिहिलंय, की ऋषी संध्याकाळपर्यंत सापडला नाही. ते खरं नाही. तो पाच मिनिटांत सापडला होता. पहिल्याच सरीत बसला होता, पाचटातून त्याचे पाय दिसत होते, एका पायात चप्पल नव्हती. पाय थरथरत होते. मी त्याच्या नावानं मोठमोठ्यानं हाका मारत त्याच्या जवळून पुढं गेले आणि नर्सबाईंची जीप जाईपर्यंत बांधावर हिंडत राहिले. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं लिहिलं, बाहेरगावी.

त्या दिवशी प्राचीचाही डोस होता. दीड वर्षाची होती. हर्षालीची आई तिला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिली होती. सुई टोचल्यावर थोडी रडली आणि मला शोधायला लागली. मी उसातून परत येईपर्यंत ती गप्प झाली होती. तिच्या नावापुढं मी बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.